विश्लेषण : रासायनिक हल्ल्याला क्षेपणास्त्रांनी उत्तर देणे न्याय्य ठरते का? सीरियाचा अनुभव काय सांगतो?

सीरियातील यादवीत २०१३, २०१७ आणि २०१८ मध्ये तीन मोठे रासायनिक हल्ले झाले आणि जगाने त्यांना तीन वेगळ्या प्रकारे उत्तर दिले. पहिल्या वेळी लष्करी कारवाईची धमकी देऊन वाटाघाटी झाल्या. दुसऱ्या वेळी अमेरिकेने एकट्याने क्षेपणास्त्रे डागली. तिसऱ्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून हल्ला केला. बशर अल असाद यांची राजवट डिसेंबर २०२४ मध्ये कोसळल्यानंतर या तिन्ही प्रतिसादांचा हिशेब मांडणे शक्य झाले आहे. निष्पाप नागरिकांवर विषारी वायू सोडणाऱ्या राजवटीवर बॉम्ब टाकणे कायदेशीर आहे का, नैतिक आहे का आणि त्याचा उपयोग होतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

नेमके काय घडले होते?

२१ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे दमास्कसजवळच्या घौटा भागात सारिन हा वायू भरलेली रॉकेट्स पडली. मृतांच्या आकड्याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी सरकारने १,४२९ जण दगावल्याचे सांगितले, तर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेने तीन रुग्णालयांत आलेल्या सुमारे ३,६०० रुग्णांपैकी ३५५ मृत्यूंची नोंद दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने सप्टेंबरमध्ये सारिनच्या वापरावर शिक्कामोर्तब केले. मात्र हल्ला कोणी केला, हे सांगण्याचा अधिकारच त्या पथकाला दिलेला नव्हता.

४ एप्रिल २०१७ रोजी इदलिब प्रांतातील खान शेखुन या गावावर विमानातून सारिन टाकण्यात आला. त्यात ८० हून अधिक लोक मरण पावले. वर्षभराने, ७ एप्रिल २०१८ रोजी दमास्कसलगतच्या डुमा शहरात एका निवासी इमारतीवर क्लोरीनचे सिलिंडर पडले. तिथे ४३ मृतांची ओळख नंतरच्या तपासात पटली.

रासायनिक अस्त्रांचाच वेगळा विचार कशासाठी?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार मार्च २०११ ते मार्च २०२१ या दहा वर्षांत सीरियात तीन लाखांहून अधिक नागरिक मारले गेले. यातील बहुतेक मृत्यू साध्या बॉम्बने, तोफगोळ्यांनी आणि गोळ्यांनी झाले. रासायनिक अस्त्रांनी मेलेल्यांचे प्रमाण त्यात अगदी थोडे. मग बॅरल बॉम्बने मूल मेले तर निषेधाचा खलिता आणि वायूने मेले तर क्षेपणास्त्र, हा कुठला न्याय, असा सवाल विचारला जातो आणि तो रास्त आहे.

याचे उत्तर दोन पातळ्यांवर देता येते. पहिली पातळी अस्त्राच्या स्वभावाची. सारिन शरीरातील मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या विकराला निकामी करतो. स्नायू आकडतात, श्वास घेता येत नाही आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे तो खाली उतरून तळघरांत साचतो. तोफगोळ्यांपासून जीव वाचवण्यासाठी लोक तळघरातच लपतात. म्हणजे बॉम्बवर्षावात जी जागा सर्वांत सुरक्षित, तीच वायुहल्ल्यात सर्वांत घातक ठरते. वायू सैनिक आणि बालक असा भेद करत नाही आणि चिलखत घातलेल्या सैनिकापेक्षा निःशस्त्र नागरिक त्याला अधिक बळी पडतो.

दुसरी पातळी नियमाची. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये इप्र येथे जर्मनीने क्लोरीन सोडल्यानंतर जे घडले, त्यातून १९२५ चा जीनिव्हा करार झाला. १९९३ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला आणि १९९७ मध्ये अमलात आलेला रासायनिक अस्त्रबंदी करार आज १९३ देशांना बांधील आहे. एका संपूर्ण अस्त्रप्रकारावर जगाने घातलेली इतकी व्यापक बंदी क्वचितच आढळते. ती एकदा मोडली आणि मोडणाऱ्याला काहीच किंमत मोजावी लागली नाही, तर उद्या दुसरा कोणी ती मोडेल. कारवाईच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा हाच आहे.

ओबामा यांच्या ‘लाल रेषे’चे काय झाले?

रासायनिक अस्त्रांचा वापर झाला तर आपले गणित बदलेल, ती आपल्यासाठी लाल रेषा असेल, असे अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी २० ऑगस्ट २०१२ रोजी जाहीर केले होते. वर्षभराने घौटा घडले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी कारवाईसाठी संसदेत ठराव आणला, पण २९ ऑगस्ट २०१३ रोजी तो २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला. इराकमधील कथित संहारक अस्त्रांच्या नावाखाली २००३ मध्ये झालेल्या युद्धाची आठवण त्या मतदानावर स्पष्ट दिसत होती. दोनच दिवसांनी ओबामा यांनीही अमेरिकी काँग्रेसची मंजुरी घेण्याचे ठरवले. ती मिळण्याची चिन्हे नव्हती.

याच वेळी रशियाने प्रस्ताव मांडला की सीरियाने आपला साठा आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यावा. १४ सप्टेंबरला जीनिव्हात अमेरिका आणि रशिया यांच्यात समझोता झाला, २७ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने २११८ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला आणि सीरिया अस्त्रबंदी करारात सामील झाला. पुढच्या नऊ महिन्यांत सुमारे १,३०० टन घोषित रसायने देशाबाहेर काढण्यात आली. त्यातील सर्वांत घातक भाग अमेरिकेच्या ‘केप रे’ या जहाजावर भूमध्य समुद्रात निकामी करण्यात आला. रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला, म्हणजे ओपीसीडब्ल्यूला, त्या वर्षीचा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला.

ओबामा यांच्यावर ‘धमकी देऊन माघार घेतली’ अशी टीका आजही होते. पण आकडे पाहिले तर एकही क्षेपणास्त्र न डागता जेवढा साठा गेला, तेवढा कोणत्याही हवाई हल्ल्याने जाणे शक्य नव्हते. साठ्यावर बॉम्ब टाकला असता, तर तोच वायू आसपासच्या वस्त्यांत पसरण्याचा धोका होता. अर्थात, डोक्यावर हल्ल्याची टांगती तलवार नसती तर असाद आणि मॉस्को यांनी हा सौदा केला असता का, याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. शिवाय सीरियाने सगळा साठा उघड केला नव्हता, हे पुढे सिद्ध झाले.

मग २०१७ आणि २०१८ मध्ये काय वेगळे झाले?

खान शेखुननंतर तिसऱ्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प यांच्या आदेशावरून भूमध्य समुद्रातील दोन अमेरिकी युद्धनौकांनी शायरात हवाई तळावर ५९ टॉमहॉक क्षेपणास्त्रे डागली. त्या तळावर रशियन सैनिक असल्याने मॉस्कोला आगाऊ कल्पना देण्यात आली होती. थोड्याच काळात त्या तळावरून विमाने पुन्हा उडू लागली.

डुमानंतर कारवाई मोठी होती. १४ एप्रिल २०१८ रोजी तीन देशांनी १०५ क्षेपणास्त्रांनी दमास्कसजवळचे बरझा संशोधन केंद्र आणि होम्सजवळची दोन ठिकाणे लक्ष्य केली. ट्रम्प यांनी ‘मोहीम फत्ते’ झाल्याचे जाहीर केले. युद्धाचा रोख मात्र बदलला नाही. डुमातील बंडखोरांनी वायुहल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी शहर सोडण्याचा करार केला होता. म्हणजे क्षेपणास्त्रे पडली तोवर असाद राजवटीचे डुमातील उद्दिष्ट साध्य झालेले होते.

आंतरराष्ट्रीय कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) नुसार एका देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई आहे. त्याला दोनच अपवाद आहेत. एक, कलम ५१ नुसार स्वसंरक्षण. दुसरा, सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली सुरक्षा परिषदेची परवानगी. सीरियाने अमेरिका, ब्रिटन किंवा फ्रान्सवर हल्ला केला नव्हता आणि परिषदेची परवानगीही नव्हती. ‘धडा शिकवण्यासाठी’ केलेली सशस्त्र प्रतिकारवाई बेकायदा असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० च्या घोषणापत्रात स्पष्ट केले आहे. रासायनिक अस्त्रबंदी करारही कोणा एका देशाला शिक्षा देण्याचा अधिकार देत नाही. गंभीर उल्लंघनाचे प्रकरण सुरक्षा परिषदेपुढे न्यावे, एवढेच तो सांगतो.

जर्मन संसदेच्या संशोधन विभागाने २०१८ चा हल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात असल्याचा निष्कर्ष काढला होता. अमेरिकेने आपल्या घटनेनुसार अध्यक्षांना असा मर्यादित हल्ला करता येतो, एवढाच युक्तिवाद केला. तो देशांतर्गत कायद्यापुरता होता. ब्रिटनने मात्र ‘मानवतावादी हस्तक्षेप’ हा आधार उघडपणे पुढे केला आणि त्यासाठी तीन अटी मांडल्या. मोठ्या प्रमाणावरील मानवी संकटाचा खात्रीशीर पुरावा हवा, बळाच्या वापराखेरीज दुसरा व्यवहार्य मार्ग नसावा आणि कारवाई आवश्यक तेवढीच व मर्यादित असावी.

या भूमिकेला मोजक्याच देशांचा स्पष्ट पाठिंबा आहे. पण गंमत अशी की, हल्ल्याचा निषेध करणारा रशियाचा ठरावही सुरक्षा परिषदेत टिकला नाही. त्याच्या बाजूने रशिया, चीन आणि बोलिव्हिया अशी तीनच मते पडली, आठ देशांनी विरोध केला आणि चार तटस्थ राहिले. कायदा एका बाजूला आणि जगाची सहानुभूती दुसऱ्या बाजूला, असे हे चित्र होते.

बेकायदा, पण न्याय्य असे असू शकते का?

कोसोव्होत १९९९ मध्ये ‘नाटो’ने सुरक्षा परिषदेच्या परवानगीविना बॉम्बफेक केली. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ती कारवाई ‘बेकायदा पण समर्थनीय’ ठरवली. सीरियाबाबतही अनेक अभ्यासक हाच शब्दप्रयोग करतात. त्यांचे म्हणणे असे की, रशियासारखा मित्र नकाराधिकार वापरून सुरक्षा परिषद बंद पाडत असेल, तर गुन्हेगाराचा साथीदारच न्यायाधीश झाल्यासारखे आहे. अशा वेळी कायद्याकडे बोट दाखवून गप्प बसणे म्हणजे कायद्याच्या नावाखाली गुन्ह्याला संरक्षण देणे.

गप्प बसण्याची किंमत जगाने पाहिलेली आहे. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेन यांच्या फौजांनी हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार लोक मेले. तेव्हा इराक इराणशी लढत होता आणि अमेरिकेला इराणचा पाडाव हवा होता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने इराणकडेही बोट दाखवून संभ्रम वाढवला. सुरक्षा परिषदेच्या त्या वर्षीच्या मे महिन्यातील ठरावात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध होता, पण इराकचे नाव नव्हते. शिक्षा दूरच, साधा ठपकाही नाही.

पण याची दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. ‘बेकायदा पण न्याय्य’ हा परवाना एकदा मान्य केला की तो कोण वापरणार, हे ठरवणारे कोणी उरत नाही. ज्यांच्याकडे क्षेपणास्त्रे आहेत, तेच न्याय्य काय ते ठरवणार. कोसोव्होचा दाखला रशियाने पुढे आपल्या शेजाऱ्यांविरुद्धच्या कारवायांसाठी वापरला, हे विसरता येत नाही. शिवाय मानवतावादी कारवाईचा हेतू लोकांचे प्राण वाचवणे हा असेल, तर तीन इमारती पाडून एका रात्रीत परतल्याने कोणाचे प्राण वाचले, हाही प्रश्न उरतो.

पुरावा किती हवा आणि तो केव्हा मिळतो?

या वादातील खरी मेख इथे आहे. डुमावर वायुहल्ला झाला ७ एप्रिलला, क्षेपणास्त्रे पडली १४ एप्रिलला. ओपीसीडब्ल्यूचे निरीक्षक त्याच सुमारास दमास्कसला पोहोचत होते आणि त्यांना प्रत्यक्ष डुमात जाता आले २१ एप्रिलला. विषारी रसायन, बहुधा क्लोरीन, वापरल्याचा सबळ आधार असल्याचा अहवाल मार्च २०१९ मध्ये आला. त्यातील निष्कर्षांवर संघटनेच्याच काही माजी निरीक्षकांनी आक्षेप घेतले आणि वाद पेटला. सीरियाच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सिलिंडर टाकल्याचे संघटनेच्या स्वतंत्र पथकाने नाव घेऊन सांगितले ते जानेवारी २०२३ मध्ये. गुन्हा आणि निकाल यांत जवळपास पाच वर्षे गेली, तर शिक्षा मात्र सात दिवसांत झाली.

निकाल शिक्षेच्या बाजूने लागला म्हणून घाई योग्य ठरत नाही. २० ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकेने सुदानची राजधानी खार्टूममधील अल शिफा हा कारखाना क्षेपणास्त्रांनी उद्ध्वस्त केला. तिथे व्हीएक्स या विषारी रसायनाचा घटक बनतो, असा दावा होता. तो कारखाना औषधे बनवत होता. अमेरिकेचा पुरावा मुख्यतः एका मातीच्या नमुन्यावर उभा होता आणि तो पुढे टिकला नाही. पुढच्या वर्षी कारखान्याच्या मालकाची गोठवलेली मालमत्ता अमेरिकेने मुकाट्याने मोकळी केली. ज्या गरीब देशात औषधेच दुर्मिळ, तिथे त्याचा मोठा उत्पादक नाहीसा झाला.

हल्ल्यामुळे पुरावाही नष्ट होऊ शकतो. असाद पळून गेल्यानंतर इस्रायलने सीरियातील संशयित रासायनिक ठिकाणांवर बॉम्ब टाकले, तेव्हा ओपीसीडब्ल्यूने नेमकी हीच भीती व्यक्त केली होती.

हल्ल्यांनी धाक बसला का?

थोडा बसला, पण तो टिकला नाही, असे नोंदी सांगतात. शायरातवरील ५९ क्षेपणास्त्रांनंतर दहा महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २०१८ रोजी, सीरियाच्या हवाई दलाने साराकिब शहरावर क्लोरीन टाकल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी डुमा घडले. मात्र अधिकृत चौकशीत सीरिया सरकारवर ठपका आलेला शेवटचा सारिन हल्ला खान शेखुनचाच होता. म्हणजे शायरातनंतर राजवटीने सारिन टाळून क्लोरीनवर भर दिला, असा अर्थ काढता येतो.

यामागे सोय होती. क्लोरीन पाणी शुद्ध करण्यासाठी जगभर वापरला जातो, त्यामुळे तो बाळगण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती शस्त्र म्हणून वापरण्यावर. पाश्चात्त्य देशांनी २०१४-१५ मधील क्लोरीन हल्ल्यांकडे फारसे लक्ष दिले नाही आणि त्यातून राजवटीला किती सूट आहे याचा अंदाज आला. २०१८ नंतर मोठे वायुहल्ले थांबले याचे श्रेय क्षेपणास्त्रांना द्यावे, तर तोवर राजवटीने बहुतांश शहरे परत मिळवली होती, हेही सांगावे लागते.

भारताची भूमिका काय?

भारताने १९९७ मध्ये आपल्याकडे रासायनिक अस्त्रे असल्याचे जाहीर केले आणि २००९ पर्यंत ती देखरेखीखाली नष्ट केली. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा नैतिक अधिकार भारताकडे आहे. तो वापरताना दिल्लीने नेहमीच सावध सूर लावला. एप्रिल २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने, रासायनिक अस्त्रांचा वापर झाला असेल तर तो निंदनीय आहे, ओपीसीडब्ल्यूने निःपक्ष चौकशी करावी, सर्वांनी संयम पाळावा आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार सुटावा, असे म्हटले. पण त्याच वर्षी जूनमध्ये, हल्ला कोणी केला हे सांगण्याचा अधिकार ओपीसीडब्ल्यूला देणारा प्रस्ताव ८२ विरुद्ध २४ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. क्षेपणास्त्रांना विरोध आणि दोषी ठरवणाऱ्या यंत्रणेलाही विरोध, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर पीडितांच्या हाती काय उरते, याचे उत्तर या भूमिकेत मिळत नाही.

दुसरे मार्ग कोणते होते?

रशियाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नकाराधिकार वापरून संयुक्त राष्ट्रे आणि ओपीसीडब्ल्यूची संयुक्त तपास यंत्रणा बंद पाडली. तिने खान शेखुनसाठी सीरिया सरकारला आणि २०१५ मधील मारीआ येथील मस्टर्ड वायूच्या हल्ल्यासाठी ‘इस्लामिक स्टेट’ला दोषी ठरवले होते. मग सदस्य देशांनी सुरक्षा परिषद टाळून ओपीसीडब्ल्यूमध्येच नवे पथक उभे केले. एप्रिल २०२१ मध्ये सीरियाचे मतदानासह काही हक्क निलंबित झाले. अशी कारवाई संघटनेच्या इतिहासात प्रथमच झाली.

न्यायालयांचा मार्ग आणखी संथ आहे, पण तो पूर्ण बंद नाही. हलब्जा प्रकरणी सद्दाम यांना रसायने पुरवणाऱ्या एका डच व्यापाऱ्याला २००५ मध्ये नेदरलँड्समध्ये शिक्षा झाली. फ्रान्समधील तपास न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये घौटा हल्ल्यासाठी असाद यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण ते निघाले तेव्हा असाद सत्तेवर होते. मात्र आता ते पदावर नसल्याने नवे वॉरंट काढण्याचा मार्ग खुला असल्याचेही न्यायालयाने सांगितले.

मग निष्कर्ष काय?

सीरियाच्या अनुभवावरून एक क्रम दिसतो. सर्वाधिक परिणाम साधला तो २०१३ मध्ये, जेव्हा धमकी खरी वाटत होती आणि तिच्यासोबत स्पष्ट मागणी होती: साठा द्या. सर्वांत कमी परिणाम झाला तो २०१७ मध्ये, जेव्हा क्षेपणास्त्रे होती पण पुढची मागणीच नव्हती. म्हणजे बळ निरुपयोगी नाही, पण नुसती शिक्षा म्हणून वापरलेले बळ फारसे काही बदलत नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा देश अशा हल्ल्याची तयारी करेल, तेव्हा वाचकाने चार गोष्टी विचारायला हव्यात. स्वतंत्र तपास पथकाला घटनास्थळी जाण्याची संधी मिळाली का? हल्ल्यातून नेमके काय मिळवायचे आहे आणि ते समोरच्याला सांगितले आहे का? नागरिकांना होणारी हानी त्या उद्दिष्टापेक्षा कमी राहील का? आणि दुसऱ्या दिवशीची योजना काय आहे? या चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर कायद्याची अडचण असूनही कारवाईचे समर्थन करता येईल. २०१८ च्या कारवाईला यातील तिसऱ्या कसोटीवर बऱ्यापैकी गुण देता येतात, पण पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कसोटीवर ती उणी पडते.

सीरियात हे काम अजून संपलेले नाही. ओपीसीडब्ल्यूचे महासंचालक फर्नांडो एरियास फेब्रुवारी २०२५ मध्ये दमास्कसला गेले आणि नव्या सरकारने सहकार्याची तयारी दाखवली. असाद काळातील शंभरहून अधिक संशयित ठिकाणे तपासायची आहेत. घौटा आणि डुमातील कुटुंबांना क्षेपणास्त्रांनी जे दिले नाही, ते म्हणजे कोणी, कुठून आणि कोणाच्या आदेशाने हल्ला केला याची नोंद. ती आता या ठिकाणांच्या तपासातून आणि पळून गेलेल्या अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांतूनच मिळू शकेल.